शहरांचा विस्तार आणि रस्त्यांची परस्परजोडणी

शहराच्या विस्ताराचा विचार करताना क्षेत्रफळाइतकेच महत्त्व रस्त्यांच्या परस्परजोडणीला असते. ही जोडणी मोजण्याची पद्धत सोपी आहे. चौरस्त्याला ४, तिठ्याला ३ आणि बंद गल्लीच्या टोकाला १ असे अंक देऊन त्यांची सरासरी काढली जाते. सरासरी घटली, की जवळच्या ठिकाणी जाण्यासाठीही मोठा वळसा पडतो आणि पायी जाणारे नागरिक वाहनांकडे वळतात.

१७२७ मध्ये वसवलेले जयपूर आणि १८११ च्या आराखड्यानुसार वाढलेले न्यूयॉर्कचे मॅनहॅटन ही काटकोनी रस्त्यांची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. मोटारींची संख्या वाढल्यावर हा विचार बदलला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९२९ मध्ये उभारलेल्या रॅडबर्न वसाहतीत रहदारी टाळण्यासाठी बंद गल्ल्या योजण्यात आल्या. पुढे तेथील उपनगरांमध्ये हीच रचना रूढ झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अमेरिकेत नव्या रस्त्यांमधील तुटकपणाने १९९४ च्या सुमारास कळस गाठला. त्यानंतर जोडणी पुन्हा सुधारू लागली. त्याच संशोधकांनी २०२० मध्ये जगभरच्या रस्त्यांचा अभ्यास मांडला. जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत असल्याचे आणि कुंपणबंद वसाहती वाढत असल्याचे त्यात आढळले.

भारतात या प्रश्नावर नगररचना योजनेचा मार्ग उपलब्ध आहे. त्याचा पाया १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने घातला. या योजनेत शेतजमिनी एकत्र करून आधी रस्ते व सार्वजनिक जागा आखल्या जातात आणि मूळ मालकांना आकाराने लहान, परंतु नियमित भूखंड परत दिले जातात. अहमदाबादच्या ७६ किलोमीटर लांबीच्या सरदार पटेल वर्तुळाकार मार्गाच्या बऱ्याच भागासाठी अशाच योजनांतून जमीन मिळाली. २००१ च्या भूकंपानंतर भूजच्या जुन्या शहरातील अरुंद रस्ते रुंद करण्यासाठीही हाच मार्ग अवलंबण्यात आला.

मात्र वस्ती उभी राहिल्यानंतर असे बदल क्वचितच शक्य होतात. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनच्या पुनर्रचनेचे भव्य आराखडे सादर झाले होते. तरीही मालकी हक्कांच्या गुंतागुंतीमुळे शहर बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर पुन्हा उभे राहिले. इमारती बदलतात, रस्त्यांची आखणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यामुळे शहरालगतच्या शेतजमिनीवर आधी रस्ता आखला जातो की आधी घरे उभी राहतात, यावर त्या शहराचे पुढील दळणवळण अवलंबून असते.