फुलाचा रंग आणि कौलातला उजेड



साडी घेताना आपण दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही. पदर हातात धरून दाराशी येतो, उजेडात बघतो आणि मगच पसंत करतो. फुलांच्या बाबतीत ही अक्कल मला उशिरा आली. तोवर एका माणसाला मी लबाड ठरवून मोकळी झाले होते.

झालं असं, की एका रोपवाटिकेतून मी ऑर्किडची दोन बुटकी रोपं आणली. फॅलेनॉप्सिस जातीची, जेमतेम वीतभर उंच, फुलं गडद जांभळट गुलाबी. दोन्ही एकाच तुकडीतली. एक कुंडी पडवीत काचेच्या कौलाखाली ठेवली आणि दुसरी माजघराच्या खिडकीत, जिथे बाहेरच्या फणसाची दिवसभर सावली असते. पुढच्या बहराला पडवीतलं फूल होतं तसंच आलं. माजघरातलं मात्र इतकं फिकं, की धुऊन धुऊन विटलेलं पोलकंच. बाजारात निळी ऑर्किड मिळतात, त्यांच्या दांड्यात रंग टोचलेला असतो आणि पुढच्या खेपेला ती पांढरी फुलतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. तोच प्रकार समजून मी तडक दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाला नको ते बोलले.

घरी आल्यावर मन खाऊ लागलं. रंग टोचला असता तर दोन्ही झाडांचा उडायला हवा होता. मग वाचायला बसले, आणि आपल्याच किनाऱ्याच्या इतिहासात पोचले.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आमच्या इन्सुलीत आंब्याफणसाच्या फांद्यांवर त्या असतात, पण बरेच जण त्यांना बांडगूळ समजून ओरबाडतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, आमरी फक्त फांदीवर बसते. त्यांतली लांब गुलाबी तुरे लोंबवणारी सीतेची वेणी आपल्या ओळखीची. तिचं चित्र ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाच्या बाराव्या खंडात आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने हे बारा खंड करवले आणि ते १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मणही त्या कामात होते. त्यांचं कोंकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. पण चित्रं सगळी काळ्या रेघांची. रंग काय तो मजकुरात वाचायचा.

रंग टिकवून ठेवणं हीच सगळ्या जुन्या वनस्पतीशास्त्रज्ञांची पंचाईत होती. फूल कागदात दाबून वाळवलं, की पाकळ्यांचा आकार राहतो आणि रंग तपकिरी होतो. म्हणून जागेवरच वहीत रंग लिहून ठेवायचा, किंवा चित्रकार बसवायचा. पुण्याजवळच्या दापुरीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात सुमारे १७० रंगीत चित्रं काढून घेतली. चित्रकार भारतीय-पोर्तुगीज होता. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत, गिब्सनचं नाव सर्वांना ठाऊक आहे, आणि ज्याने रंग कालवले तो बेनाम. मला हे फार लागलं. आपल्या आज्यांनी भरतकाम केलेल्या वेष्टनांवर तरी कुठे त्यांची नावं असतात!

याच गिब्सनबरोबर निकोल डॅलझेल यांनी १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. सह्याद्रीतल्या दोन अगदी चिमुकल्या आमरींना डॅलझेल यांनी नावं दिली. एकीच्या नावाचा लॅटिन अर्थ हिरव्या फुलांची, दुसरीच्या नावाचा ठिपक्यांची. पुढे १९७४ मध्ये फादर सेसिल साल्डाना यांनी त्या दोघींना स्मिथसोनिया या नव्या जातकुळीत आणलं, आणि तिथल्या तिसरीच्या नावाचा अर्थ गवताच्या काडीच्या रंगाची. तिन्ही बहिणींची ओळख रंगावरून. फादर सांतापाव आणि कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ चा, आजही अभ्यासक तो उघडतात.

नावं पडली, पण रंग येतो कुठून, हे वेगळे लोक शोधत होते. जर्मनीत युलियस झाक्स यांनी १८६० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. वेलाची पानं उजेडात ठेवली आणि शेंडा तेवढा अंधाऱ्या पेटीत सोडला. पेटीत फुलं आली, आणि रंगीत आली! म्हणजे उजेडाचं काम पानांतूनही होतं. पानं अन्न करतात, आणि त्या साखरेतून फूल आपला रंग घडवतं. सगळ्याच फुलांचं एवढ्यावर भागत नाही. कित्येकांना खुद्द कळीवर उजेड पडावा लागतो, तेव्हाच रंग बनवण्याचं काम सुरू होतं. पुढे १९१३ मध्ये रिचर्ड विलस्टेटर यांनी एका निळ्या फुलातून हे रंगद्रव्य शुद्ध रूपात वेगळं केलं. नंतर तेच द्रव्य लाल गुलाबातही निघालं. अशा रंगद्रव्यांच्या कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं. गुलाबी, जांभळ्या आणि तांबड्या छटांचं हे द्रव्य म्हणजे अँथोसायनिन, जांभळाच्या सालीतलंच. उजेड कमी पडला की ते कमी बनतं. फार उकाड्यातही कमी बनतं, आणि आपला मे महिना सांगायलाच नको.

विलायतेत ऑर्किड काचघरात वाढवत. आधी तिथे काचेवरच कर होता, तो १८४५ मध्ये उठला. कॉमर्स शिकलेल्या मला याचं हसू आलं. उजेडावरही जकात! आपल्याकडे मंगळुरात १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. तसली कौलं पुढे कोकणभर पसरली आणि त्यांच्यामध्ये एखादं काचेचं कौल बसू लागलं. माझ्या पडवीत तोच उजेडाचा तुकडा सकाळी तुळईवरून उतरतो आणि दुपारी कुंडीपर्यंत येतो.

मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप मिळतं. लख्ख उन्हात आकडा लाखापर्यंत जातो. या जातीला दहा ते पंधरा हजार पुरतात. माजघराच्या खिडकीत मला हजारही मिळाले नाहीत. डोळ्यांना ते कळत नाही, कारण बुबुळं सावलीला सरावतात. झाडाला तशी सोय नाही. हल्ली एलईडी दिव्यांखालीही लोक ही बुटकी ऑर्किड फुलवतात. दिवा जवळ आणि रोज बारा-एक तास लागतो. भिंतीवरच्या ट्यूबने भागत नाही.

आता आपल्या बोलीत सांगते. समयसारात स्फटिकाचा दाखला आहे. तांबडी वस्तू जवळ आली तर स्फटिक तांबडा दिसतो, पण तो रंग त्याचा नव्हे. आमच्या घरी पूजेत पुष्प म्हणून केशरी तांदूळ वाहतात, तो रंगही वरून दिलेला. फुलाचं तसं नाही. उजेड फुलाला रंग फासत नाही. रंग झाडाच्या उपादानातला, उजेड निमित्त. माझी दोन रोपं प्रयोगशाळेत एकाच झाडाच्या पेशींपासून वाढवलेली, उपादान एकच, निमित्त तेवढं वेगळं. आणि ज्या जातीत रंग बनवण्याची शक्तीच नाही, ती पांढरीच फुलणार, मग कितीही उजेड द्या.

एक सांगून ठेवते. रानातली आमरी काढून घरी आणू नका, कोणी रस्त्याकडेला विकत असेल तरीही. तिच्या शेंगेत धुळीसारखं असंख्य बी असतं, पण विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. एक झाड उपटलं तर तिथे दुसरं येईलच असं नाही. वनस्पतिकायाची हिंसा आपल्याला संसारात चुकत नाही, ही तरी चुकवता येते.

माजघरातली कुंडी मी दिवाळीनंतर पडवीत आणली. उमललेलं फूल नंतर गडद होत नाही, कळी धरण्याआधीच हलवावं लागतं. थेट ऊन नको, पानं भाजतात. पुढचा बहर आला तेव्हा दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या. कोणती कोणती, ते मलाच ओळखता येईना.

क्षमावाणीला सगळ्यांना फोन झाले, आणि तो एक राहिला होता. तिसऱ्या दिवशी दुकानातच गेले, पुन्हा चार गिऱ्हाइकं होती ते बरंच झालं. म्हटलं, माझं चुकलं, फूल फिकं पडलं ते माझ्या खिडकीमुळे. तो हसला. “काकी, मी तेव्हाच सांगणार होतंय, पण तुमी माका बोलूक खंय दिलास?” मग आत जाऊन एक कुंडी घेऊन आला. “ह्या पांढऱ्या फुलाचा न्या. तेचो रंग उडाची भानगडच नाय.”

पैसे घ्यायला तयार नव्हता. मी ठेवून आले.