रूळ धरून चाला

डोळे मिटा. साल 1935. बोरीबंदर स्टेशनातून तुम्ही बाहेर पडता. काखेत वळकटी, खिशात लालबागच्या एका चाळीचा पत्ता. मुंबईत पहिलंच पाऊल.

समोर दुमजली ट्राम उभी. जिना चढून तुम्ही वरच्या बाकावर खिडकीशी बसता. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवतो, ठण ठण! वरच्या तारेवर निळी ठिणगी उडते. क्रॉफर्ड मार्केटचं घड्याळ मागे पडतं, पायधुणी येते.

"इथं खाडी होती, बाबा," शेजारचे आजोबा सांगतात. "ओहोटीला चिखल तुडवत माणसं यायची, इथं पाय धुवायची." 1874 साली घोड्यांची ट्राम कुलाब्याहून सुटली, ती याच पायधुणीपर्यंत. विजेची ट्राम आली 1907 साली. आजोबांनी दोन्ही पाहिल्यात.

भेंडीबाजार, जे. जे., भायखळा. ट्राम इतकी सावकाश चालते की दुकानांच्या पाट्या वाचता येतात, गॅलरीतली वाळत घातलेली लुगडी दिसतात. बघता बघता लालबाग निघून जातं आणि तुम्ही थेट दादरला, ट्राम टर्मिनसवर उतरता. जीव घाबराघुबरा.

"पाहुणे, घाबरू नका," कंडक्टर म्हणतो. "आलात तसे मागं चालत जा. रूळ सोडू नका."

तुम्ही चालू लागता. मघाशी वरून पाहिलेलं सगळं आता उलट्या क्रमाने, अंगाला खेटून भेटतं. परळला गिरणीचा भोंगा होतो. फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडतो. केसांत, भुवयांवर कापसाची पांढरी कुसं. खानावळीतून तव्यावरच्या भाकरीचा वास येतो. कुणी मालवणीत हाक मारतं, कुणी घाटावरच्या बोलीत उत्तर देतं. लालबागला पोचता तेव्हा पत्त्याचा कागद खिशातून काढावा लागत नाही. ट्रामने शहराची ओळख करून दिली, पायांनी ती पक्की केली.

आता डोळे उघडा. 31 मार्च 1964च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. रुळांची वाट आता उड्डाणपुलांखाली आहे. पण दादर पूर्वेला टॅक्सीवाल्याला नुसतं "टी. टी." म्हणा, तो बरोबर नेऊन सोडतो. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. तिथे उतरा आणि लालबागपर्यंत चालत या.