मावळ आणि मगरीब

सह्याद्रीच्या पूर्वेकडील खोऱ्यांना ‘मावळ’ हे नाव कसे पडले, याची एक परिचित व्युत्पत्ती सांगितली जाते. जिकडे सूर्य मावळतो ती मावळत आणि त्या बाजूचा मुलूख तो मावळ. देशावर उभे राहून पश्चिमेकडे पाहणाऱ्याने दिलेले हे नाव आहे. बोरघाटाखाली कोकणात उभ्या असलेल्या माणसाला सूर्य याच डोंगरांमागून उगवताना दिसतो. नाव ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते, तर या प्रदेशाला उगवतीचे एखादे नाव मिळाले असते. अरबी भाषेतही असाच एक शब्द आहे. ‘गुरूब’ म्हणजे सूर्यास्त आणि ‘मगरीब’ म्हणजे सूर्यास्ताचे स्थान, पश्चिम दिशा. अरब भूमीतून पाहणाऱ्यांनी उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, म्हणजे आजच्या मोरोक्कोच्या परिसराला हेच नाव दिले. सूर्यास्तानंतर लगेच पढल्या जाणाऱ्या नमाजाचेही नाव हेच. मावळ आणि मगरीब या दोन्ही शब्दांत दिशा, प्रदेश आणि वेळ एकत्र नांदतात, आणि दोन्ही शब्द ‘पाहणारा कोठे उभा आहे’ हे गृहीत धरून बोलतात.

लोणावळा-मावळ परिसरात दिवसातून पाच वेळा होणाऱ्या अजानेकडे आपण बहुधा धर्माच्या आणि अलीकडे ध्वनिवर्धकाच्या वादाच्या अंगाने पाहतो. प्रस्तुत लेखात तिच्याकडे भूगोलाच्या आणि इतिहासाच्या अंगाने पाहावयाचे आहे.

प्रथम मूळ व्यवस्था पाहू. इस्लामी महिने चंद्रावर चालतात, हे सर्वांना ठाऊक असते. दिवसाचे पाच नमाज मात्र सर्वस्वी सूर्यावर चालतात, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. पहाटे क्षितिजावर आडवा पांढरा उजेड पसरू लागला की फजरची वेळ सुरू होते आणि सूर्योदयाला संपते. सूर्य मध्यान्हरेषा ओलांडून कलला, ज्याला ‘जवाल’ म्हणतात, की जोहर. सावली ठरावीक मापाची झाली की असर. सूर्यबिंब पूर्ण बुडाले की मगरीब. संधिप्रकाश विझला की इशा. मराठीतील झुंजुमुंजू, उन्हे कलणे, दिवेलागण, कातरवेळ या शब्दांनी जे टप्पे पकडले आहेत, जवळजवळ तेच हे टप्पे आहेत. त्यांत घड्याळ कोठेच नाही. आहे तो उजेड आणि सावली.

आता ही व्यवस्था लोणावळ्याला लावून पाहू. हे गाव १८.७५ उत्तर अक्षांशावर आणि साधारण ७३.४ पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, म्हणजे अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेषेची. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने लोणावळ्याचा सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी छत्तीस मिनिटे मागे चालतो. पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या आसाच्या कलण्यामुळे त्यात वर्षभर थोडी कमीजास्त होते. नोव्हेंबरच्या आरंभी येथे सूर्य बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास त्याला बारा पन्नास होतात. घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांची लोणावळ्यात वर्षातून एकदाही गाठ पडत नाही. मुंबईचा सूर्यास्त लोणावळ्याच्या दोनएक मिनिटे नंतर आणि पुण्याचा तितकाच आधी होतो. रमजानमध्ये रोजा सोडण्याच्या वेळांची पत्रके शहराशहरांची निराळी छापावी लागतात, ती याच कारणाने.

पाच नमाजांपैकी असरच्या वेळेत या प्रदेशाचा इतिहास सर्वाधिक दडलेला आहे. मध्यान्हीच्या सावलीत वस्तूच्या उंचीइतकी भर पडली की असर सुरू होते, असे शाफिई पंथ मानतो. हनफी पंथात प्रचलित मत असे की, उंचीच्या दुप्पट भर पडली पाहिजे. लोणावळ्यात मे महिन्याच्या मध्यास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी शाफिई असर पावणेचारच्या सुमारास लागते, तर हनफी असर पाचनंतर. अंतर सुमारे एक तास वीस मिनिटांचे. डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीची सावलीच जवळजवळ काठीइतकी लांब असते. तेव्हा पहिली असर पावणेचारच्या आसपासच राहते आणि दुसरी साडेचारला येते. अंतर पाऊण तासावर उतरते.

आता हे दोन पंथ कोठे आहेत ते पाहावे. कोकणी मुसलमान परंपरेने शाफिई आहेत. दख्खनच्या पठारावरील सुन्नी मुसलमान बहुसंख्येने हनफी. याचे कारण ज्या वाटांनी इस्लाम या दोन प्रदेशांत आला त्या वाटांत आहे. कोकणात तो अरबी समुद्रावरील व्यापारातून आला. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी या प्रवाशाने सैमूर, म्हणजे चौल, येथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे नमूद केले आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूताला याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे होन्नावर येथे शाफिई पंथाचे लोक भेटले. पठारावर इस्लाम रुजला तो मुख्यतः उत्तरेकडून, दिल्लीच्या सुलतानांच्या आणि पुढे १३४७ साली स्थापन झालेल्या बहमनी राज्याच्या काळात. त्यामागे मध्य आशियाची हनफी परंपरा होती. म्हणजे ढोबळमानाने सह्याद्रीचा कडा हीच दोन सावल्यांची सीमारेषा ठरते. घाटाखाली सावली एकदा मोजली जाते, घाटावर दोनदा. अर्थात माणसे घाट चढतात आणि उतरतात, त्यामुळे ही रेषा काटेकोर कधीच नव्हती. शिवाय शाफिई मताप्रमाणेही असरचा अवधी सूर्यास्तापर्यंत चालतो. त्यामुळे उशिराच्या जमातीत दोघांनाही एका रांगेत उभे राहता येते. मतभेद कायम ठेवून एकत्र उभे राहण्याची ही सोय शास्त्रानेच करून ठेवलेली आहे.

सावलीनंतर क्षितिजाचा विचार करावा लागतो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही खोरी डोंगरांच्या कुशीत आहेत. लोहगड-विसापूरच्या किंवा तुंग-तिकोन्याच्या सावलीतील वस्तीत सूर्य डोंगराआड जातो, तेव्हा प्रत्यक्ष सूर्यास्ताला अद्याप अवकाश असतो. डोंगराआड जाणे हा सूर्यास्त नव्हे, असे धर्मशास्त्रकारांनी स्पष्ट केले आहे. अशा ठिकाणी पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावयाचे असते. तेथून काळोख वर चढू लागला की मगरीब झाली. याच्या उलट स्थिती घाटमाथ्याच्या कड्यावर असते. लोणावळा खोपोलीपेक्षा सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. पश्चिमेला आड काही नसेल, तर एवढ्या उंचीवरून सूर्यबिंब खालच्यापेक्षा दोन-तीन मिनिटे अधिक दिसत राहते. दुबईतील ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफा या इमारतीबाबत २०११ च्या रमजानमध्ये हाच प्रश्न उभा राहिला. ऐंशीव्या मजल्यावरच्या रहिवाशांनी रोजा दोन मिनिटे आणि दीडशेव्या मजल्यावरच्यांनी तीन मिनिटे उशिरा सोडावा, असा निर्णय तेथील मुफ्तींनी दिला. जगाला तेव्हा त्याचे नवल वाटले. कड्यावर राहणाऱ्यांच्या बाबतीत तो प्रश्न किती तरी जुना आहे.

आणि मग येतो पाऊस. लोणावळ्यात जून ते सप्टेंबर या काळात कित्येक दिवस सूर्य दिसतच नाही. धुक्यात समोरचा माणूस दिसण्याची मारामार, तेथे सावली कोठली? हनफी ग्रंथांत ढगाळ दिवसासाठी वेगळा नियम आहे. असर आणि इशा थोडे लवकर उरकावे, उरलेले तीन थोडे लांबवावेत. म्हणजे वेळेपूर्वी नमाज पढल्याचा दोष येत नाही. घड्याळापूर्वीच्या जगात अंदाजाला किती शिस्त होती, हे या नियमावरून कळते.

सावली मोजण्याची ही विद्या कोणा एका धर्माची मिरासदारी नव्हती. आपल्या सिद्धान्तग्रंथांत जमिनीत रोवलेल्या शंकूच्या छायेवरून दिशा, देश आणि काल ठरवण्याची रीत सविस्तर दिलेली आहे. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने सावल्या या एकाच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्याच विद्वानाने पुढे भारतीय ज्योतिषाचा सखोल परिचय करून घेतला. घाटाखालच्या नांदगावी १५२० च्या सुमारास गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ रचला, ज्याच्या आधारे पुढे शतकानुशतके पंचांगे बनत राहिली. राज्यकारभाराने तर दोन परंपरांचा संगमच घडवला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत दिसणारा शुहूर सन पाहा. त्याचे आकडे इहिदे, सलास, खमस असे अरबीत लिहिले जात; पण हे वर्ष चांद्र नव्हते. सूर्याने मृग नक्षत्रात प्रवेश केला की ते सुरू होई, म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. शेतसारा पिकावर अवलंबून आणि पीक पावसावर. चंद्राच्या सरकत्या वर्षाने वसुली कशी व्हावी? मावळातील शेतकऱ्याचा मृग आणि दप्तरातील अरबी आकडा एका ओळीत आले, ते सूर्यामुळे.

या साऱ्या स्थानिक काळाला पहिला मोठा धक्का दिला रेल्वेने. जी. आय. पी. रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाटातील चढण पूर्ण होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले. गावागणिक निराळ्या वेळेवर गाडी धावू शकत नाही. १८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली, जी लोणावळ्याच्या सूर्याच्या सुमारे सत्तावीस मिनिटे पुढे होती. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ साली हीच वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांवर लादली. नागरिकांच्या विरोधामुळे ती टिकली नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महानगरपालिकेने आपली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात घड्याळे आणखी एक तास पुढे सरकवली गेली. तेव्हा लोणावळ्यात सूर्य माथ्यावर येई, तो दुपारी दीडच्या सुमारास.

या सर्व उलथापालथीत नमाजाची वेळ तसूभरही हलली नाही. घड्याळातील तिचा आकडा बदलला, सावली तीच राहिली. आज भिंतीवरचे वेळापत्रक किंवा हातातला मोबाइल तो आकडा सांगतो. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश गेल्यावर इशा, हे गणित यंत्राच्या पोटात असते. तरीही यंत्राला सर्वप्रथम विचारावे लागते, ते ठिकाण. ठिकाण सांगितल्याखेरीज वेळ सांगता येत नाही. इब्न फदलान ९२२ साली व्होल्गा नदीकाठी बल्गार लोकांच्या देशात गेला होता. रात्री इशाची वाट पाहत गप्पा मारीत बसला असताना अजान ऐकू आली आणि बाहेर येऊन पाहतो तो पहाट झालेली. उत्तरेच्या उन्हाळी रात्री किती आखूड असतात, हे त्या बगदादहून आलेल्या माणसाला तेथे कळले. बगदादची वेळ बगदादलाच चालते. लोणावळ्यात मात्र सूर्यास्तापासून इशापर्यंत वर्षभर सव्वा ते दीड तासाच्या आतबाहेरच काळ जातो. हा या अक्षांशाचा सौम्यपणा आहे.

महाराष्ट्रातील मुसलमानांच्या धर्माचरणाविषयी बोलताना ‘बाहेरून आलेले’ हे विशेषण आपल्या इतिहासलेखनात फार सहज वापरले जाते. शब्द अरबी आहेत, हे खरेच. लोणावळ्यातून मक्केची दिशा पश्चिमेच्या दहाएक अंश उत्तरेला, म्हणजे मावळतीलाच येते, हेही खरे. त्या दिशेला तोंड असले तरी सूर्याची पूजा होऊ नये, म्हणून सूर्य उगवत असताना, ऐन माथ्यावर असताना आणि बुडत असताना नमाज टाळण्याचा दंडक आहे. याच मावळातील भाजे लेण्यांत सूर्याचे मानले जाणारे शिल्प दोन हजार वर्षे रथावर स्वार आहे. संध्यावंदनात त्याच सूर्याला अर्घ्य दिले जाते. एकाने त्याला देव मानले, दुसऱ्याने केवळ खूण. पण दोघांनाही आपला दिवस ठरवण्यासाठी याच डोंगरांवरच्या आकाशाकडे पाहावे लागले. मक्केचे वेळापत्रक मावळात चालत नाही. नमाजाची दिशा मक्केची असते, वेळ मात्र मावळाचीच असते. या प्रदेशात सर्वार्थाने बाहेरून आलेली वेळ कोणती असेल, तर ती स्थानकावरच्या घड्याळातली. आणि तिला परकी म्हणण्याचे आज कोणाच्या मनातही येत नाही.