आइसलँडमधील मोटारभाडे

आइसलँडमधील मोटारभाडे म्हणजे आइसलँड या उत्तर अटलांटिक महासागरातील द्वीपराष्ट्रात पर्यटकांनी ठरावीक मुदतीसाठी मोटार भाड्याने घेऊन ती स्वतः चालवत प्रवास करण्याची व्यवस्था होय. देशात प्रवासी रेल्वे नाही आणि राजधानी रेक्याविकच्या बाहेर बससेवा विरळ आहे. त्यामुळे देश हिंडून पाहू इच्छिणारे अनेक परदेशी प्रवासी केफ्लाविक विमानतळावर उतरताच मोटार ताब्यात घेतात. या व्यवस्थेचे वेगळेपण भाड्याच्या दरापेक्षा विम्याच्या अटींत अधिक दिसते. वारा, वाळू, खडी आणि नदीचे पाणी ही तेथे मोटारीचे नुकसान होण्याची नेहमीची कारणे आहेत. परंतु मूळ विम्यातून नेमकी हीच कारणे बहुधा वगळलेली असतात आणि दुरुस्तीचा खर्च ग्राहकावर पडतो.

पार्श्वभूमी

आइसलँडचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आहे. लोकसंख्या मात्र चार लाखांच्याही आत असून तिचा मोठा भाग रेक्याविक व त्याच्या परिसरात राहतो. उरलेली वस्ती किनाऱ्याने विखुरलेली आहे आणि मधला उंच प्रदेश जवळजवळ निर्मनुष्य आहे. रेक्याविक बंदराच्या बांधकामासाठी १९१३ ते १९१७ या काळात दगड वाहून नेणारी एक छोटी रेल्वे चालविली गेली. तिची दोन वाफेची इंजिने आजही जपून ठेवलेली आहेत. देशाचा रेल्वे इतिहास जवळपास तेवढाच.

किनाऱ्यालगत देशाला वळसा घालणाऱ्या क्रमांक एकच्या महामार्गाला 'हृंगव्हेगुर' म्हणजे वर्तुळमार्ग म्हणतात. त्याची लांबी १,३२२ किलोमीटर आहे. दक्षिणेकडील हिमनद्यांतून निघणाऱ्या नद्या स्केइदारारसांदुर या विस्तीर्ण वाळूच्या मैदानात सतत पात्र बदलत असल्याने तेथे दीर्घकाळ पूल बांधता आला नव्हता. तो १९७४ मध्ये, देशातील वसाहतीला ११०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, वाहतुकीस खुला झाला आणि वर्तुळ पूर्ण झाले. १९९६ मध्ये व्हात्नायोकुत्ल या हिमाच्छादनाखाली ज्वालामुखीचा उद्रेक होऊन महापूर आला व या पुलाची मोठी हानी झाली. पिळवटलेल्या लोखंडी तुळया रस्त्याच्या कडेला स्मारक म्हणून ठेवल्या आहेत. संपूर्ण वर्तुळमार्ग डांबरी होण्यास मात्र २०१९ साल उजाडावे लागले.

२०१० च्या वसंत ऋतूत एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपची विमानवाहतूक अनेक दिवस विस्कळीत झाली आणि देशाचे नाव जगभर पोहोचले. त्या वर्षी सुमारे पाच लाख परदेशी पर्यटक आले होते; २०१८ पर्यंत ही संख्या २३ लाखांच्या पुढे गेली. मोटारभाड्याचा व्यवसाय याच काळात फोफावला. आंतरराष्ट्रीय कंपन्यांबरोबर अनेक स्थानिक व्यावसायिक त्यात उतरले.

परवाना आणि पूर्वअटी

रोमन लिपीत छापलेला वैध परदेशी परवाना पर्यटकाला तात्पुरत्या वास्तव्यात वापरता येतो. भारतातील स्मार्ट कार्ड स्वरूपाच्या परवान्यावर मजकूर इंग्रजीत असल्याने तो या अटीत बसतो. तरीही काही कंपन्या आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना मागतात. भारतात तो प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून एक वर्षाच्या मुदतीने मिळतो. तो मूळ परवान्याची जागा घेत नाही. दोन्ही सोबत बाळगावे लागतात.

छोट्या मोटारीसाठी किमान वय सामान्यतः २० वर्षे असते, मोठ्या व उंच गाड्यांसाठी ते २३ ते २५ पर्यंत जाते आणि परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. अनामत रक्कम रोखली जात असल्याने मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड बहुतेक ठिकाणी आवश्यक असते. ज्याचे नाव करारात नोंदविलेले नाही अशा सहप्रवाशाने गाडी चालविल्यास विमा लागू होत नाही. कुटुंबासह आलेल्या प्रवाशांकडून ही चूक सहज होते.

विमा

त्रयस्थ पक्षाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा असतो आणि तो भाड्यात समाविष्ट असतो. त्याखेरीज भाड्याच्या मोटारीचे स्वतःचे नुकसान झाल्यास ग्राहकाचे दायित्व एका ठरावीक रकमेपुरते मर्यादित करणारी सवलत मिळते. ती 'सीडीडब्ल्यू' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. जादा पैसे भरल्यास ही मर्यादा आणखी खाली येते. हा भाग इतर देशांसारखाच आहे. फरक त्यानंतरच्या पुरवणी विम्यांत पडतो.

पहिली पुरवणी खडीची. डांबरी रस्ता सोडून फाट्यावर वळताच अनेक ठिकाणी खडीचा रस्ता लागतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या चाकाखालून उडालेला दगड पुढची काच, दिवे किंवा बोनेटवर आदळतो. काचेला गेलेला तडा ही कंपन्यांच्या नोंदीतील अगदी नित्याची बाब आहे.

दुसरी पुरवणी वाळू व राखेची असून नवख्या प्रवाशाला ती हास्यास्पद वाटण्याचा संभव असतो. दक्षिण किनाऱ्यावरील मीर्दालसांदुर व स्केइदारारसांदुर ही मैदाने काळ्या ज्वालामुखीय वाळूची आहेत. वादळी वाऱ्यात ही वाळू मोटारीच्या एका बाजूचा रंग खरवडून काढते व काचा अंध करते. अशा वेळी संपूर्ण गाडी रंगवून काचा बदलण्याचा खर्च हजारो युरोंच्या घरात जाऊ शकतो. मूळ सवलतीत तो धरलेला नसतो.

वाऱ्याने दार उलटे फिरून बिजागरीतून निखळणे हा तिसरा प्रकार. यासाठी अनेक कंपन्या कोणताही विमा देत नाहीत. कारण दार धरून उघडणे ही चालकाची जबाबदारी मानली जाते. म्हणून गाडी उभी करताना तिचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे आणि एका वेळी एकच दार, तेही दोन्ही हातांनी धरून उघडावे, असे गाडी ताब्यात देताना सांगितले जाते.

नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरणे आणि गाडीच्या तळाला इजा होणे हे प्रकार जवळजवळ सर्वच करारांत वगळलेले असतात. सर्वांत महागडा विमा घेतलेल्या ग्राहकालाही या बाबतीत संरक्षण मिळत नाही. निकामी झालेल्या इंजिनाची किंमत आणि दुर्गम भागातून गाडी ओढून आणण्याचा खर्च त्यालाच द्यावा लागतो.

भारतीय नागरिकांना आइसलँडसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा काढावा लागतो. तो वैद्यकीय खर्च व मायदेशी परत आणण्याच्या खर्चासाठी असतो. मोटारीच्या नुकसानीशी त्याचा संबंध नाही. 'विमा काढलेला आहे' या समजुतीने काही प्रवासी पुरवण्या नाकारतात, तेव्हा बहुधा या दोन विम्यांची गल्लत झालेली असते.

एफ-रस्ते

मधल्या उंच प्रदेशातील रस्त्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर असते. डोंगर या अर्थाच्या आइसलँडिक शब्दाचे ते आद्याक्षर होय. हे रस्ते कच्चे असून त्यांवरील बऱ्याच नद्यांना पूल नाहीत. बर्फ वितळून रस्ता वाळल्यावर, साधारणतः जूनच्या मध्यापासून किंवा जुलैपासून, ते टप्प्याटप्प्याने उघडतात आणि सप्टेंबरअखेर किंवा त्याच्या आसपास बंद होतात. निश्चित तारीख आधी सांगता येत नाही; दरवर्षी रस्ते प्रशासन 'वेगागेर्दिन' ती जाहीर करते.

या रस्त्यांवर केवळ फोर-व्हील ड्राइव्ह वाहने नेता येतात आणि तशा सूचना रस्त्याच्या तोंडाशीच लावलेल्या असतात. साध्या मोटारीने तेथे प्रवेश केल्यास भाडेकराराचा भंग होऊन विमा संपुष्टात येतो. मात्र फोर-व्हील ड्राइव्ह असणे पुरेसे नाही. शहरी वापराच्या, बुटक्या बांधणीच्या अशा अनेक गाड्यांना काही कंपन्या ठरावीक एफ-रस्त्यांवर मनाई करतात. थोर्समोर्क खोऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावरील क्रोसाउ नदी तर मोठ्या जीपगाड्यांनाही घातक ठरली आहे. हिमनदीतून येणारे पाणी गढूळ असते, तळ दिसत नाही आणि उन्हामुळे बर्फ वितळून दुपारनंतर पातळी वाढते. सकाळी पार केलेली नदी संध्याकाळी परतताना ओलांडण्याजोगी राहीलच असे नाही.

स्प्रेंगिसांदुर या दक्षिणोत्तर मार्गावर २०० किलोमीटरहून अधिक अंतरात इंधन मिळत नाही.

वाहतुकीचे नियम

आइसलँडमध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात. २६ मे १९६८ पर्यंत तेथेही भारताप्रमाणे डावी बाजू होती. स्वीडनने बदल केल्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी आइसलँडने तो केला. वस्तीत ताशी ५०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि डांबरी रस्त्यावर ९० किलोमीटर ही सर्वसाधारण वेगमर्यादा आहे. दिवे दिवसाही लावलेले असणे बंधनकारक आहे. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण हजारात ०.२ पेक्षा अधिक असल्यास चालक अपात्र ठरतो. दुपदरी वर्तुळचौकात बाहेर पडणाऱ्या आतील पदरातील वाहनाला अग्रक्रम असतो. ही पद्धत इतरत्र क्वचितच आढळते. परदेशी चालक येथे हमखास गोंधळतात.

'एइनब्रेइद ब्रू' ही पाटी एकपदरी पुलाची सूचना देते. पुलाच्या अधिक जवळ असलेल्या वाहनाने आधी जावे असा संकेत आहे. प्रत्यक्षात वेग कमी करून समोरच्याचा अंदाज घेणे भाग असते. २७ डिसेंबर २०१८ रोजी दक्षिणेकडील नुप्सव्होत्न नदीवरील अशाच पुलाचा कठडा तोडून एक मोठी मोटार खाली कोसळली. तीतील सात जण भारतीय वंशाचे ब्रिटिश पर्यटक होते. त्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर जुन्या पुलांच्या कमकुवत कठड्यांचा प्रश्न देशात ऐरणीवर आला. त्या ठिकाणी पुढे नवा दुपदरी पूल बांधण्यात आला.

डांबरी रस्ता संपून खडी सुरू होते ती जागाही धोक्याची असते. वेग कमी न करता गाडी खडीवर गेली की चाके सरकतात आणि ती उलटते. उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या चरत असतात. रस्त्याच्या एका बाजूला मेंढी व दुसऱ्या बाजूला कोकरू दिसल्यास कोकरू आईकडे धाव घेणार हे गृहीत धरावे लागते. धडक बसल्यास मेंढीच्या मालकाला भरपाई देण्याची वेळ चालकावर येऊ शकते.

हवामान

डिसेंबरमध्ये रेक्याविकला जेमतेम चार तास उजेड असतो. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात खिळ्यांचे टायर वापरण्यास परवानगी आहे आणि कंपन्या हिवाळ्यात ते किंवा हिवाळी टायर बसवून देतात. वादळाच्या काळात रस्ते प्रशासन वर्तुळमार्गाचेही काही भाग बंद करते. बंद रस्त्यावर गाडी घातल्यास करारभंग होतो. अडकलेल्यांच्या सुटकेस जाणारी पथके 'लांद्सब्योर्ग' या संघटनेच्या स्वयंसेवकांची असतात. हे लोक आपापली कामे सोडून रात्री-अपरात्री बाहेर पडतात. आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक ११२ आहे.

पर्यावरणविषयक निर्बंध

रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर मोटार चालविणे हा निसर्गसंरक्षण कायद्यानुसार गुन्हा असून त्यासाठी मोठा दंड होतो. थंड हवामानात शेवाळाची वाढ अतिशय मंद असल्याने चाकांचे व्रण अनेक दशके टिकतात. सोल्हेइमासांदुर येथे १९७३ मध्ये उतरवावे लागलेल्या अमेरिकी नौदलाच्या विमानाचा सांगाडा पाहण्यासाठी पूर्वी थेट गाडी नेता येत असे. २०१५ च्या 'दिलवाले' या हिंदी चित्रपटातील एका गीताचे काही चित्रण येथे झाल्याने ही जागा भारतीय प्रेक्षकांच्याही परिचयाची आहे. पर्यटक वाटेल तिथून गाड्या हाकू लागल्याने २०१६ मध्ये जमीनमालकांनी वाहनांना मज्जाव केला. तेव्हापासून स्वतःची गाडी घेऊन तेथे जाता येत नाही.

झोपण्याची सोय असलेल्या गाड्याही भाड्याने मिळतात. मात्र अधिकृत तळ सोडून इतरत्र गाडीत मुक्काम करण्यास जमीनमालकाची परवानगी लागते.

कर, पथकर आणि परतावा

१ जानेवारी २०२४ पासून विद्युत मोटारींवर प्रतिकिलोमीटर ६ क्रोना कर लागू झाला आणि कंपन्या तो ग्राहकाकडून वसूल करू लागल्या. रेक्याविकच्या उत्तरेकडील ह्वालफ्योर्दुर या समुद्राखालील बोगद्याचा पथकर २०१८ मध्ये रद्द झाला. आकुरेयरी शहराजवळील वाद्लाहेइदी बोगद्यास मात्र पथकर आहे. तेथे नाका नाही. कॅमेरा वाहनक्रमांक टिपतो आणि प्रवाशाने इंटरनेटवरून पैसे भरणे अपेक्षित असते. तसे न केल्यास देयक कंपनीकडे जाते आणि ती आपले सेवाशुल्क जोडून ग्राहकाच्या कार्डावरून रक्कम कापते. वेगमर्यादेचे दंड व अनेक धबधब्यांजवळील वाहनतळांचे शुल्क याच पद्धतीने वसूल होते. त्यामुळे मायदेशी परतल्यावर काही आठवड्यांनी कार्डावर नवी वजावट दिसू शकते.

मोटार परत करताना काच, टायर, तळ व दारांच्या बिजागऱ्या तपासल्या जातात. ताब्यात घेतेवेळी असलेले ओरखडे करारपत्रावर नोंदविलेले नसल्यास ते नंतर ग्राहकाच्या नावावर धरले जाण्याची शक्यता असते. केफ्लाविक येथे पावसात किंवा अंधारात गाडी घेताना ही पाहणी घाईत उरकली जाते. अशा वेळी सर्व बाजूंची व आतील इंधनकाट्याची दिनांकासह घेतलेली छायाचित्रे वादाच्या प्रसंगी ग्राह्य पुरावा म्हणून उपयोगी पडतात.