उपवासकाळ, कोंबड्या आणि वाढता दिवस

ईस्टरला अंडेच का, असे कोणी विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते : कवच म्हणजे कबर, आणि ते फोडून बाहेर येणारे पिलू म्हणजे नवजीवन. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु प्रतीके आकाशातून पडत नाहीत; ती बहुधा अंगणातून, स्वयंपाकघरातून आणि कोठारातून देवळापर्यंत पोहोचतात. मध्ययुगीन युरोपातील शेतकरी गृहिणीच्या दृष्टीने पाहिले, तर ईस्टरच्या अंड्यामागे एक रोकडी व्यावहारिक अडचण उभी होती. ज्या साडेसहा आठवड्यांत ख्रिस्तसभेने अंडे खाण्यास मनाई केली होती, नेमक्या त्याच आठवड्यांत हिवाळाभर थांबलेल्या कोंबड्या पुन्हा जोमाने अंडी घालू लागत. टोपली रोज भरत होती आणि त्यातले एकही अंडे खाता येत नव्हते. या अडचणीने घरातल्या रिवाजांना, जमीनदाराच्या खंडाला आणि कदाचित खुद्द कोंबडीच्या रक्तालाही कसे वळण लावले, ते पाहणे उद्बोधक आहे.

कोंबडी मुळात आपल्या बाजूची, उष्ण प्रदेशाची पाखरे. तांबडा रानकोंबडा हा तिचा पूर्वज. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार निःसंशय पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांची सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नोन वट येथे सापडतात. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 1650 ते 1250 असा धरला जातो. भाताच्या शेतीभोवती हा पक्षी माणसाळला असावा, असे या संशोधकांचे मत आहे. त्या प्रदेशात वर्षभर दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नाही. हाच पक्षी पुढे व्यापाऱ्यांबरोबर आणि वसाहतकारांबरोबर युरोपात गेला, आणि तिथे त्याला सोळा-सोळा तासांची हिवाळी रात्र भेटली.

कोंबडीचे अंडे घालणे थंडीपेक्षा उजेडावर अधिक अवलंबून असते. उजेड केवळ डोळ्यांवाटे नव्हे, तर कवटीच्या पातळ हाडातून थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींपर्यंत पोहोचतो आणि दिवस वाढतो आहे की घटतो आहे, याची खबर शरीराला देतो. शरद ऋतूत दिवस आखूड होऊ लागले की कोंबडी पिसे गाळते. नव्या पिसांसाठी शरीरातील पोषण खर्ची पडते आणि अंडी थांबतात. लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. फेब्रुवारीच्या आरंभी तो सव्वानऊ तासांवर येतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांचा होतो आणि एप्रिल सरताना चौदा तास ओलांडतो. आपल्या वसईत, 19 अंश अक्षांशावर, अगदी डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो. आपली गावठी कोंबडी अंडी थांबवते ती खुडूक झाली म्हणून, पिसे गाळली म्हणून. अंधारामुळे तिचे फारसे अडत नाही. त्यामुळेच उत्तरेकडच्या माणसाला फेब्रुवारीतल्या पहिल्या अंड्याचे जे अप्रूप वाटे, ते आपल्याला सहजी उमगत नाही.

हिवाळ्यातून वसंतात जाताना कोंबड्यांची निगा कशी राखावी, याचे सविस्तर लेखन पहिल्या शतकातच झाले आहे. स्पेनमधील गादेस म्हणजे आजच्या कादिझ येथे जन्मलेल्या कोलुमेला या रोमन लेखकाने आपल्या शेतीविषयक ग्रंथाच्या आठव्या भागात खुराड्याचा जो तपशील दिला आहे, तो वाचताना हा मनुष्य स्वतः पहाटे उठून खुराड्याचे दार उघडत असावा, असे वाटत राहते. खुराड्याचे तोंड हिवाळ्यातील सूर्योदयाच्या दिशेला असावे, म्हणजे थंडीतले पहिले ऊन आत येते. खुराडे भट्टीला किंवा स्वयंपाकघराला लागून असावे, कारण चुलीचा धूर या पाखरांना विशेष मानवतो. छपराखाली भिंतीच्या कडेने कोरडी धूळ आणि राख टाकून ठेवावी. कोंबड्या तीत लोळून अंग झाडतात. उबदार ठिकाणी जानेवारीच्या आरंभी आणि थंड मुलखात त्याच महिन्याच्या मध्यानंतर अंडी सुरू होतात, असे तो नोंदवतो. ती लवकर सुरू व्हावीत म्हणून अर्धे शिजवलेले जव पोटभर चारावेत, असेही सुचवतो.

रवणीला बसवायच्या अंड्यांचा त्याचा हिशेब तर फारच बोलका आहे. संख्या नेहमी विषम असावी. जानेवारीत पंधरा, मार्चमध्ये एकोणीस, एप्रिलमध्ये एकवीस. विषम संख्येचा आग्रह हा समजुतीचा भाग म्हणून सोडून देऊ. परंतु महिन्यागणिक वाढणारा आकडा हा अनुभवाचा आहे : थंडीत कोंबडीच्या पंखांखाली कडेची अंडी गार पडतात, ऊब वाढते तशी तीच कोंबडी अधिक अंडी सांभाळू शकते. अंडी दहा दिवसांहून जुनी नसावीत, ही त्याची सूचनाही आजच्या व्यवहाराशी जुळते. जाताजाता तो सांगतो की मेघगर्जनेने अंडी बिघडू नयेत म्हणून लोक पेंढ्याखाली लॉरेलच्या डहाळ्या, लसणाचे गड्डे आणि लोखंडी खिळे ठेवतात. आपल्याकडेही काही घरांत रवणीच्या टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल.

मध्ययुगात कोंबडी ही गरिबाच्या दारातली असली तरी तिच्यावर सत्तेची नजर होती. सम्राट शार्लमेनच्या काळातील, इसवी सन 800 च्या सुमाराच्या राजशेतींविषयीच्या फर्मानात मुख्य वाड्यांवर किमान शंभर कोंबड्या आणि तीस हंस, तर लहान ठिकाणी पन्नास कोंबड्या आणि बारा हंस असावेत, असा हुकूम आहे. नवव्या शतकाच्या आरंभी पॅरिसजवळच्या सँ-जर्मेन मठाचे मठाधिपती इर्मिनों यांनी आपल्या जमिनींची जी नोंदवही करविली, तिच्यात कुळांच्या नावापुढे तीन कोंबड्या आणि पंधरा अंडी अशी देणी पुनःपुन्हा येतात. इंग्लंडात कोंबडी नाताळला आणि अंडी ईस्टरला द्यायची, अशी पद्धत बहुतेक जहागिऱ्यांत रूढ झाली. ही विभागणी मनमानी नव्हती. नाताळात कोंबडी अंडी देत नाही आणि दाणे मात्र खाते, म्हणून जादा कोंबडी तेव्हाच द्यावी. ईस्टरला अंडी उदंड, म्हणून अंडी तेव्हा द्यावीत. तेराव्या शतकातील एका इंग्रजी शेतीव्यवस्थेच्या पुस्तिकेत प्रत्येक कोंबडीमागे वर्षाला 115 अंडी आणि सात पिले हिशेबात दाखवावीत, असा दंडक आहे. कारभाऱ्याला जरब बसावी म्हणून हा आकडा जरा चढा धरला असावा, असे मला वाटते.

आता उपवासाकडे वळू. पोप ग्रेगरी यांच्या नावाने सांगितला जाणारा नियम असा की, उपवासकाळात मांस आणि मांसापासून उत्पन्न होणारे सर्व काही, म्हणजे दूध, चीज आणि अंडी, वर्ज्य करावे. पूर्वेकडे 692 सालच्या त्रुल्लो येथील धर्मसभेने याच अर्थाचा नियम केला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार धरून, 46 दिवस होतात. राखेचा बुधवार लवकरात लवकर 4 फेब्रुवारीला आणि उशिरात उशिरा 10 मार्चला येतो. म्हणजे कोणत्याही वर्षी उपवासकाळ हा वाढत्या दिवसांचाच काळ. एखाद्या घरी सहा कोंबड्या असल्या आणि प्रत्येकीने आठवड्याला चारच अंडी दिली, तरी ईस्टरपर्यंत दीडशेच्या वर अंडी जमतात.

त्यांचे करायचे काय? उपवासाच्या आदल्या दिवशी घरातली शिल्लक अंडी आणि लोणी घावनांत संपवून टाकीत. इंग्लंडातील घावनांच्या मंगळवाराचे मूळ हेच. पुढच्या पंधरवड्यातली ताजी अंडी कोंबडी खुडूक होताच तिच्याखाली ठेवीत. ही युक्ती दिसते त्याहून खोल होती. एकविसाव्या दिवशी निघालेली ही पिले ईस्टरपर्यंत पंख फुटण्याइतकी होत. त्यांतल्या तलंगा शरद ऋतूत अंड्यावर येत, आणि पहिल्या वर्षी तलंग सहसा पिसे गाळत नसल्यामुळे पुढच्या हिवाळ्यात घरात जी थोडीफार अंडी दिसत, ती या तलंगांचीच. उशिरा, मे-जूनमध्ये निघालेल्या पिलांकडून ही अपेक्षा ठेवता येत नसे. म्हणजे उपवासाने खाण्यापासून वाचवलेली अंडी पुढच्या नाताळची तजवीज करीत होती. उरलेली अंडी थंड कोठारात ठेवीत, उकडून ठेवीत, आणि ईस्टरला खंड म्हणून, देणगी म्हणून, मुलांना खाऊ म्हणून वाटीत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 सालच्या खर्चाच्या हिशेबात ईस्टरसाठी 450 अंड्यांपोटी 18 पेन्सची नोंद आहे. ती रंगवून आणि सोन्याचा वर्ख लावून राजपरिवारात वाटण्यात आली. साडेचारशे अंडी अठरा पेन्सला, म्हणजे पेनीला पंचवीस. 1614 च्या रोमन विधिग्रंथात अंड्यांना आशीर्वाद देण्याची स्वतंत्र प्रार्थना आहे. दीड महिना जिला हात लावला नाही, ती वस्तू आशीर्वाद घेऊनच पानात वाढली जाई.

नियमातून सवलतीही निघाल्या. 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी जर्मन मुलखातील काही भागांना लोणी व दूध वापरण्याची मुभा दिली. स्पेन व पोर्तुगालमध्ये क्रूसयुद्धाच्या फर्मानाची प्रत दाम मोजून घेणाऱ्यास उपवासात अंडी चालत. धनिकाला अशी पळवाट मिळाली आणि गरिबाला नाही, याबद्दल त्या काळीही टीका होत असे, आणि ती रास्त होती. 1917 च्या धर्मसंहितेने अंडी व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य नाहीत असे स्पष्ट केले, आणि जुन्या कडक नियमाचा अंमल कायद्याने संपला.

या नियमांनी कोंबडीच बदलली काय? 2017 साली संशोधकांनी युरोपातील उत्खननांत मिळालेल्या प्राचीन कोंबड्यांच्या हाडांतील जनुके तपासली. एका विशिष्ट जनुकाचा प्रकार, ज्याचा संबंध लवकर अंड्यावर येण्याशी आणि आपसातील भांडखोरपणा कमी असण्याशी जोडला जातो, तो सुमारे अकराशे वर्षांपूर्वी झपाट्याने पसरू लागल्याचे त्यांना आढळले. याच सुमारास शहरे वाढत होती, आणि संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीप्रमाणे चतुष्पाद प्राण्यांचे मांस न खाणाऱ्या मठांचा प्रभाव दूरवर पोहोचला होता. उपवासाच्या दिवसांमुळे कोंबडी व अंडी यांची मागणी वाढली आणि दाटीने नांदणारी, अधिक अंडी देणारी कोंबडी निवडली गेली, असा तर्क त्यांनी मांडला. तो तर्कच आहे. काळाचा मेळ बसतो एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरीही धर्माचरणाची खूण पाखराच्या जनुकात सापडावी, ही कल्पना विचार करायला लावणारी आहे.

या सगळ्या इतिहासात जिचे नाव कागदावर क्वचितच येते, ती म्हणजे कोंबड्या सांभाळणारी बाई. गोठलेले पाणी फोडून बदलणे, तुऱ्याला हिमदंश होऊ नये म्हणून चरबी चोळणे, वसंत लागताच खुराड्यातली साठलेली शीट खरवडून चुन्याचा हात देणे, उवा-पिसवांचा बंदोबस्त करणे, खुडूक कोंबडी ओळखणे : ही कामे तिची, आणि म्हणून अंड्यांचे पैसेही बहुधा तिचे. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला अंडी पाठवण्याचा मोठा व्यापार उभा राहिला, तेव्हा चहा, साखर, मुलांचे कपडे यांचा खर्च अनेक घरांत या पैशांतून भागे. 1891 मध्ये स्थापन झालेले दरिद्री जिल्ह्यांसाठीचे सरकारी मंडळ आणि 1894 पासूनची सहकारी चळवळ यांनी या धंद्यात सुधारणा आणू पाहिली. वाण सुधारले, अंडी ताजी जाऊ लागली. पण सहकारी संस्थेचे सभासदत्व बहुधा पतीच्या नावे असे. पैसा आपल्या हातून जाईल, या धास्तीने कित्येक स्त्रियांनी दारावर येणाऱ्या फेरीवाल्यालाच अंडी देणे पसंत केले. सुधारकांनी त्यांना अडाणी ठरवले. मला तो त्यांचा चोख हिशेब वाटतो.

विसाव्या शतकात ऋतूच नाहीसा झाला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात विल्यम रोवन यांनी 1924 पासून केलेल्या प्रयोगांत, कडाक्याच्या थंडीतही दिव्याने दिवस लांबवला तर रानपाखरांच्या शरीरात वसंत जागा होतो, हे दाखवून दिले. 1922 मध्ये ड जीवनसत्त्वाचा शोध लागला होता; कॉड माशाचे तेल चारले की ऊन न लागताही पिलांचे पाय वाकेनासे झाले. 1923 साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सेसील स्टील या गृहिणीने पन्नास पिले मागवली असता चुकून पाचशे आली. तिने ती परत न करता वाढवली आणि मांसासाठी विकली. तिच्या त्या चुकीच्या मागणीतून एक अवाढव्य उद्योग उभा राहिला. वसंतातल्या पिलाला निराळा भाव मिळण्याचे दिवस त्यानंतर फार टिकले नाहीत. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आजची व्यापारी कोंबडी तीनशेच्या वर. रोज सोळा तास दिवा हा त्या उत्पादनाचा एक पाया आहे.

युरोपात घरामागे चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांपुढे हा प्रश्न दर नोव्हेंबरात नव्याने उभा राहतो : खुराड्यात दिवा टांगावा, की पाखरांना पिसे गाळून स्वस्थ बसू द्यावे आणि फेब्रुवारीची वाट पाहावी? मोठ्या पोल्ट्र्यांना मात्र हा निर्णय पुरता मोकळा राहिलेला नाही. युरोपीय संघाच्या 1999 च्या निर्देशानुसार अंड्यांच्या कोंबड्यांना दिवसाचा सुमारे एक तृतीयांश भाग सलग अंधार मिळाला पाहिजे, आणि दिवे एकदम न मालवता हळूहळू मंद करायचे, म्हणजे त्यांना दांडीवर चढून बसायला वेळ मिळतो.