नळी निघाली म्हणजे बरे झाले?

लघवी अडून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाबद्दल चंद्रपूर-गडचिरोलीत एक मत सर्रास ऐकू येते. पोटावर चिरा नाही, टाका नाही, नळी निघाली, धार सुटली. आता घरी बसायचे कशाला? हे मत निराधार आहे असे मी म्हणणार नाही. वाढलेली ग्रंथी दुर्बिणीतून खरवडून काढतात, तेव्हा बाहेर जखम दिसत नाही. नळी बहुधा दोन-तीन दिवसांत निघते. खाटेला खिळून राहणे तर घातकच. आणि धानाची रोवणी कुणासाठी थांबत नाही. हे सारे मान्य. तरीही निष्कर्ष चुकतो.

चूक कुठे होते? न दिसणारी जखम नाहीच, असे धरून चालण्यात. ग्रंथी आतून खरवडली की मूत्रमार्गात उघडी, ओली पोकळी उरते. तिच्यावर नवे अस्तर यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. मधल्या काळात, बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, खपल्या सुटतात आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. किंचित लाली विसाव्याने आणि पाण्याने ओसरते. पण याच दिवसांत धानाचे पोते उचलले, सायकल दामटली, शौचाला कुंथले, तर रक्तस्राव वाढतो. गुठळ्या अडकल्या की लघवी पुन्हा तुंबते. तेव्हा पुन्हा नळी घालून मूत्राशय धुवावे लागते. ते घरी होत नाही.

आता हाच प्रसंग भामरागडपलीकडच्या गावात ओढवला तर? पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की वाट बंद होते. शस्त्रक्रिया झालेले रुग्णालय अलीकडे, रुग्ण पलीकडे. बाहेरच्या शल्यविशारदांनी येऊन शिबिरात शस्त्रक्रिया करायच्या, ही रीत शोधग्राम आणि हेमलकसा येथील रुग्णालयांत रुजली आणि तिचे ऋण गडचिरोली जिल्ह्यावर मोठे आहे. तिथे निवासी डॉक्टर मागे थांबतात, हेच त्या रीतीचे मर्म. शल्यविशारद परततो, खपली मात्र आपल्याच वेळेला सुटते. मग सुट्टीचा कागद हाती पडला की उपचार संपला, हे कसे मानायचे?

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा: ‘महिना झाला, अजून घाई होते, कपडे ओले होतात, ऑपरेशन फसले.’ शस्त्रक्रियेने अडथळा काढला. त्या अडथळ्याशी वर्षानुवर्षे झुंजून जाड आणि चिडखोर झालेला मूत्राशयाचा स्नायू तिने बदललेला नाही. त्याला शांत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. ज्याचा मूत्राशय ताणून शिथिल झाला, त्याला काही काळ पुन्हा नळी लागू शकते. हे फसणे नव्हे. मात्र ताप, थंडी वा न थांबणारे रक्त आले तर वाट पाहू नये.

मग पाणी. जळजळ होते म्हणून घोट-घोट पिणारे मी बरेच पाहिले. घट्ट लघवी जास्तच झोंबते आणि गुठळ्या वाहून नेत नाही. मे महिन्यात पारा ४७ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात तेंदूपत्त्याच्या संकलन केंद्रावर बसून पाणी टाळायचे? हृदय वा मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. इतरांनी दिवसभर पीत राहावे, झोपण्यापूर्वी थोडे कमी.

पुरुषत्व जाते, ही भीती मी थोडक्यात निकाली काढतो. वीर्य बहुधा उलटे मूत्राशयात जाते. ताठरता बहुतेकांची टिकते. हे शस्त्रक्रियेआधी सांगायला हवे, पत्नीसमोर सांगितले तर उत्तम. आणि काढलेला तुकडा तपासणीला जातो, त्याचा अहवाल घरच्यांनी आणलाच पाहिजे. कर्करोग असेल तर तो त्यातून कळू शकतो. अहवाल चांगला आला तरी ग्रंथीचा बाहेरचा भाग शिल्लक असतो. पुढची तपासणी सुटत नाही.

‘गरिबाला सहा आठवडे जड काम टाळणे परवडते का?’ हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेची तारीख विचार करून घ्यावी. अडलेली लघवी नळीने तातडीने मोकळी करता येते. ग्रंथीची शस्त्रक्रिया बहुधा ठरवून होते. एटापल्ली-भामरागडच्या रुग्णाला तिची तारीख रोवणीच्या तोंडावर का द्यावी? कापणी-मळणी आटोपल्यावर, रस्ते कोरडे असताना द्यावी. पावसाळ्यातच करणे भाग असेल, तर पहिले तीन आठवडे त्याची राहण्याची सोय नदीच्या अलीकडे, रुग्णालयाजवळ करावी.