पूर्ण साऱ्याची मागणी

आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या जुन्या कागदांत ‘जुडी’ हा शब्द आढळतो. महार वतनदाराने गावाची व सरकारची रात्रंदिवस चाकरी करायची. मोबदल्यात बलुते आणि वतनाची जमीन. त्या जमिनीवर पूर्ण शेतसाऱ्याऐवजी घेतला जाणारा कमी आकार म्हणजे जुडी. कागदावर ती सवलत दिसे. वस्तुतः तो तुटपुंज्या वेतनाचाच एक भाग होता.

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातील एक तरतूद आम्हांला आजही थक्क करते: वतनदाराने जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि चाकरीतून मुक्त व्हावे. आपल्याच लोकांची करसवलत सोडून देऊ पाहणारे लोकप्रतिनिधी किती सापडतील? पण हिशेब पक्का होता. वेळी-अवेळी बोलावणे येणाऱ्या माणसाला ना शेत नीट कसता येई, ना दुसरा उद्योग धरता येई. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले.

महायुद्धाच्या काळात सरकारने जुडी वाढवली, चाकरी मात्र तशीच ठेवली. भावाभावांत तुकडे पडलेल्या जमिनीवरची ही वाढ म्हणजे सरळ वेतनकपात होती. १९४१ साली सिन्नरच्या परिषदेत बाबासाहेबांनी तिचा निषेध केला.

ही वतने रद्द करणारा कायदा अखेर १९५८ मध्ये झाला. वतनदाराला तीच जमीन पूर्ण साऱ्याने परत मिळू लागली, तीही सरकारकडे कब्जाची किंमत भरल्यावर. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.